शिवेच्या दगडाखाली

माझ्या नातीला तोंड नाही असं ज्याला वाटत असेल त्यानं आमच्या घरी येऊन एक सकाळ काढावी. चहात साखर जास्त पडली, मी ओला टॉवेल हीटरवर टाकला, फोनवर मोठ्यानं बोलले, की ज्ञानदाची जीभ विळ्यासारखी चालते. पण तिचा प्रोफेसर समोर आला की हीच ज्ञानदा मान खाली घालते आणि दर वाक्याला म्हणते, "या, गेनाऊ." मला जर्मन येत नाही, पण चार दिवसांत एवढं कळलं की या म्हणजे हो आणि गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. साहेब म्हणाले दगड काळा, गेनाऊ. साहेब म्हणाले दगड पांढरा, गेनाऊ. साहेब म्हणाले पोरी, तुझी तीन वर्षं वाया गेली, तरी हिचं गेनाऊ. असलं वागणं मला बघवत नाही. आमच्या घरातल्या बाईनं भांडून हरावं, मान डोलवून हरू नये.

मी इकडं तीन महिन्यांसाठी आलेली. मुलगा राजन र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, सून सुलेखा पण नोकरीला. सकाळी आठला दोघं गेले की मी आणि भिंती. त्यांची ज्ञानदा कोलोनला पीएचडी करते, शनिवार-रविवार घरी येते. कशात म्हणाल तर मातीत. जुन्या काळच्या लोकांनी माती उकरून जे काही केलं, ते ही परत उकरून बघते. सप्टेंबरात ती चार दिवस ऱ्योनच्या डोंगरावर खोदायला निघाली, तेव्हा मी म्हणाले, मला घेऊन चल.

राजन म्हणाला, "आई, तिथं बघण्यासारखं काही नाही. नुसता माळ आहे."

"मग माळच बघते. तुमच्या गावात काय बघायचं, पार्किंग?"

मी माण तालुक्यातली. माळावर जन्मले, माळावर नांदले. दुसरीपर्यंत शाळा, पुढं गुरं. त्यामुळं त्या डोंगरावर गाडीतून उतरले आणि वारा तोंडावर आला तेव्हा मला आतून असं काही भरून आलं की आठवडाभर कुरकुरणारे गुडघेसुद्धा गप्प झाले. फरक एवढाच, की आमचा माळ कोरडा ठणठणीत आणि हा भिजलेला. पाय टाकला की जमीन स्पंजासारखी दबते आणि पाणी वर येतं. म्हणून चालायला फळ्यांची वाट केली आहे. दोन्ही बाजूंना जांभळी झुडपं, मधे कापसाच्या बोंडासारखं गवत डोलतंय. झाड असं नाहीच. आणि त्या सगळ्याच्या मधून, या धुक्यातून त्या धुक्यात, एक बांध गेलेला.

बांध बघितल्यावर मी फळीवरच थांबले. कमरेइतका उंच, वर गवत, एका अंगाला चर. सासरची सोयरी भेटावी तसं झालं मला.

"हा कुणाचा बांध?" मी विचारलं.

ज्ञानदा हसली. "तेच तर शोधायचंय आजी. माझं म्हणणं आहे की ही जुनी शीव आहे. सहाशे, सातशे वर्षांपूर्वीची. दोन सरदारांच्या मुलखांच्या मधली. याला इथं लांडवेअर म्हणतात. बांध घालायचा, चर खणायचा, वर काटेरी झुडपांचं दाट कुंपण लावायचं, म्हणजे पलीकडची माणसं आणि गुरं अलीकडं येत नाहीत."

"बरोबर आहे की मग."

"माझ्या प्रोफेसरांना, हेर फोल्मरना, तसं वाटत नाही. ते म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वी माळावरचं पाणी काढायला कुणीतरी चर खणला आणि त्याची माती बाजूला टाकली. संपलं."

"आणि त्यांचं खरं ठरलं तर?"

तिनं थापी पुसत पुसत सांगितलं, म्हणजे माझ्याकडं न बघता. तिच्या प्रबंधाचा कणाच हा बांध. तो पाण्याचा चर निघाला तर तीन वर्षं गेली, आणि मार्चमध्ये नोकरीचा कागद संपतो तो साहेब पुढं वाढवणार नाहीत. इथं खोदायची परवानगी पण एकदाच मिळाली. माळावर कुठले तरी दुर्मीळ पक्षी आहेत, त्यांच्यासाठी सगळं राखीव. शुक्रवारी चार वाजता खड्डा बुजवून द्यायचा, त्यानंतर इथं कुदळ लावायची नाही. आणि बुधवार संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्यातून निघाली होती नुसती माती. वेगवेगळ्या रंगांची, पण मातीच.

गुरुवारी मी काय केलं, तर तो बांध चालून बघितला. हातात काठी, पायात राजनचे रबरी बूट. बाई एकटी शिवेवरून चालली की तिला कुणी काही विचारत नाही, हे इथंही खरं. मी खालपासून वरपर्यंत गेले आणि परत आले, आणि येताना माझे पाय जमिनीवर टिकेनात, एवढी घाई झाली होती सांगायची.

"ज्ञानदे, हा पाण्याचा चर नाही."

"आजी, मी मापं घेतेय."

"घे की. पण ऐक. पाण्यासाठी माणूस चर खणतो तो उतार धरून खणतो. हा चर बघ, उतार उजवीकडं पळालाय आणि हा हट्टानं सरळ गेलाय. मधल्या खोलगटात पाणी साठून बेडकं झालीत. पाणी काढायला खणलेल्या चरात पाणी साठतं कुठं? आणि दुसरं, माती सगळी एकाच अंगाला टाकलीय. ज्याचा बांध त्याच्या अंगाला माती, चर शेजाऱ्याच्या अंगाला. म्हणजे या बाजूचा जो कुणी होता, त्यानं घातलाय हा."

तिनं डोळे मिटले. "आजी, प्लीज. थोडा वेळ गप्प बस ना."

बाहत्तर वर्षांची झाले. सासूनं मला गप्प बस म्हटलं होतं, पण ती सासू होती. मी गप्प बसले. तिच्या खड्ड्याच्या काठावर फडकं टाकून, पाय आत सोडून बसले आणि तोंड शिवून घेतलं. अर्धा तास.

आणि तिथं बसल्या बसल्या मला तो दगड दिसला.

बांध जिथं थोडा वाकतो तिथंच तिचा खड्डा होता. खड्ड्याच्या भिंतीत एक काळा दगड अर्धा बाहेर डोकावत होता, अर्धा मातीत. हातभर उंच, निमुळता, उभा.

"तो काढलास का?"

"कुठला? तो नॅचरल आहे आजी. इथं सगळीकडं असले काळे दगड आहेत."

"इथं असतील सगळीकडं. पण आडवे पडलेत. उभा एकच. दगड आपणहून उभा राहत नाही बये, कुणीतरी उभा केल्याशिवाय. आणि वळणावरच कसा उभा राहिला? शिवेचा दगड वळणावरच लावतात."

तिची थापी थांबली.

मग मी तिला आमच्या बांधाची गोष्ट सांगितली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी पूर्वेच्या कोपऱ्यावर दगड लावला. लावायच्या आधी मला म्हणाले, चुलीतला कोळसा घेऊन ये. मी नवी नवरी, टोपलीभर कोळसा डोक्यावर घेऊन निघाले तर बायका हसायला लागल्या. सासऱ्यांनी खड्ड्यात कोळसा घातला, फुटक्या कौलाचे तुकडे घातले आणि वर दगड बसवला. म्हणाले, सूनबाई, दगड माणूस हलवतो, पण खालचं कुणाला माहीत नसतं. कोळसा कुजत नाही, कौल सडत नाही. हे साक्षीदार. वीस वर्षांनी शेजाऱ्यानं दगड चार हात आत सरकवला आणि शपथेवर सांगितलं की तो तिथंच होता. मोजणीवाले आले. मी म्हणाले, दगडाखाली खणा. काही नव्हतं. मग मी चार हात सरकून उभी राहिले आणि म्हणाले, आता इथं खणा. कोळसा निघाला. शेजाऱ्याचं तोंड कोळशाहून काळं झालं.

ज्ञानदा माझ्याकडं बघतच राहिली. तिचे कान लाल झाले होते, ते लहानपणापासून आनंदानं होतात.

"आजी," ती हळू बोलली, "इथंही असंच असतं. ऱ्योनच्या खालच्या गावांत अजून सात माणसं नेमलेली असतात, शिवेचे दगड लावायला. जन्मभरासाठी शपथ घेतात. दगडाखाली खूण ठेवतात, ती कशी मांडतात ते फक्त त्या सातांना माहीत. बायकोलासुद्धा सांगत नाहीत. पण ते गावांच्या आणि शेतांच्या दगडांखाली. या लांडवेअरच्या दगडाखाली कुणी बघितलेलंच नाही."

"मग बघ की."

"दगड अर्धा खड्ड्याच्या बाहेर आहे. परवानगीत नाही बसत. हेर फोल्मर हो म्हणाले तरच."

"मग विचार."

ती थापीनं मातीत रेघा ओढत राहिली. "ते हसतील," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी असंच एक सांगितलं होतं सगळ्यांसमोर. ते हसले. मग सगळे हसले."

आता कळलं मला गेनाऊ कुठून येतं ते. पण कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

शुक्रवारी सकाळी धुकं एवढं, की फळीवरून चालताना पुढची फळी विश्वासानं शोधायची. साहेब रोजच्यासारखे बाराला येणार होते. दहाच्या सुमाराला घरघर करत एक छोटं खोदायचं यंत्र आलं, त्याला इकडं बॅगर म्हणतात. चालवणारा म्हातारा माझ्याच वयाचा, हिरवी टोपी, पांढऱ्या मिशा. आल्फोन्स नाव. खालच्या गावचा शेतकरी. चारला खड्डा बुजवायचं काम त्याचं. ज्ञानदानं कानात सांगितलं, "आजी, हा त्या सातांपैकी आहे."

झालं, मला राहवेना. मी त्याच्याकडं गेले. भाषा नाही तर नाही. काठीनं चिखलात बांध काढला, वळणावर एक टिंब दिलं, दगड. मग दगडाखाली बोट दाखवून डबीतून चिमूट टाकावी तशी बोटं चोळली आणि जवळचा जळका काटका उचलून त्याला दाखवला. कोळसा. मग माझ्या छातीवर हात ठेवला. आमच्याकडं पण.

आल्फोन्स किती तरी वेळ चिखलाकडं बघत होता. मग त्यानं बुटानं माझं चित्र पुसलं. अगदी सावकाश, काना-कोपऱ्यासकट. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मग टोपी काढून थोडा वाकला आणि परत यंत्रावर जाऊन बसला.

मला आणखी काय पाहिजे होतं. खाली काही नसतं तर माणूस चित्र कशाला पुसेल?

ज्ञानदा साहेबांना आणायला गाडीपाशी गेली. मी एकटी त्या दगडापाशी. आणि आता जे सांगते ते मी चूक म्हणून सांगते, लपवत नाही. शिवेचा दगड म्हणजे आमच्याकडं देव. सासऱ्यांनी दगड लावला त्या दिवशी पहिलं कुंकू मी लावलं होतं. इथं हा बिचारा सहाशे वर्षं थंडीत, चिखलात उभा, आणि त्याला कुणी ओळखलं नव्हतं. ओळखलं ते मी. कुंकवाची डबी माझ्या कमरेला असतेच. मी खड्ड्यात उतरले, ओल्या दगडावर अंगठ्यानं कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत, हात जोडले आणि वर येऊन बसले. मला कुठं माहीत, की खड्ड्यात बाहेरचा कण पडलेला चालत नाही.

साहेब आले. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, हातात घड्याळ धरल्यासारखे चालतात. मला म्हणाले, "गुटन टाग, फ्राउ जगदाळे." माणूस उद्धट नाही, एवढं मी म्हणेन. त्यांनी खड्ड्यात बघितलं, भिंती बघितल्या, मान हलवली. काही तरी बोलले. ज्ञानदा म्हणाली, या. आणखी काही बोलले. ती म्हणाली, गेनाऊ. आल्फोन्सकडं बघून साहेबांनी हात केला, म्हणजे कर सुरू.

आणि मग त्यांना दगड दिसला.

ते बोलायचे थांबले. गुडघे टेकले. चष्मा कपाळावर चढवला आणि नाक दगडाला लागेल एवढे वाकले. मला वाटलं, नमस्कार करतायत. चार दिवसांत पहिल्यांदा तो माणूस मला बरा वाटला. मग ते एकदम उठले आणि भराभर बोलायला लागले, हात हलवत, ज्ञानदाचा खांदा हलवत. त्यांच्या गालांवर रंग चढला. खिशातून फोन काढला, फोटो घेतले, कुणाला तरी लावायला लागले.

ज्ञानदाचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा.

"काय गं?"

"आजी." तिनं दगडाकडं बोट केलं. "दगडावर कुंकू तू लावलंस?"

"मग कोण, आल्फोन्स?"

"त्यांना वाटतंय तो जुना रंग आहे. गेरू. हजारो वर्षांपूर्वीचा. म्हणतायत, हा लांडवेअर नाही, त्याच्याही आधीचं काहीतरी आहे, तुझा प्रबंध आता सगळ्या जगात वाचला जाईल. परवानगी वाढवून घेतायत. आत्ता फोन करतायत."

माझ्या डोक्यात गणित लगेच झालं. परवानगी वाढली म्हणजे खड्डा उघडा राहिला. खड्डा उघडा राहिला म्हणजे दगड निघणार. दगड निघाला म्हणजे कोळसा. मग कुंकवाचं काय ते नंतर बघू, धुऊन जाईल, पाऊस काय थोडा पडतो इथं? मी तिच्या दंडाला चिमटा घेतला, चांगला करकचून, आणि म्हणाले, "गप्प बस."

हो. मीच म्हणाले. कालपासून जिला तोंड उघड म्हणत होते, तिला.

साहेबांचा फोन लागत नव्हता, धुक्यामुळं असेल. ते फळीवर इकडून तिकडं करत होते. ज्ञानदा खड्ड्याच्या काठावर उभी. वही छातीशी धरलेली. माझा जीव टांगणीला. नुसतं उभं राहायचं होतं तिला. चार दिवस जे करत होती तेच करायचं होतं, मान डोलवायची.

"हेर फोल्मर," ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही.

"हेर फोल्मर." आता ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आल्फोन्सनं यंत्र बंद केलं.

ती काय बोलली ते शब्द मला माहीत नाहीत, पण 'ओमा' कळलं, म्हणजे आजी, आणि तिचं बोट माझ्याकडं आलेलं कळलं. साहेबांचा फोन कानावरून खाली आला. त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही, असं नसेल. त्यांना खरं वाटेना. एवढा मोठा आनंद हातात आला की माणूस सोडत नाही, मग तो प्रोफेसर असो नाहीतर आमचा शेजारी. ती परत सांगत होती, ते परत नाही म्हणत होते. पोरगी स्वतःच्या हातानं स्वतःचं नशीब परत करत होती आणि समोरचा घेईना.

आता मी गप्प बसून काय उपयोग? पोरगी खरं बोलतेय आणि खोटी पडतेय, हे तर मला अजिबात चालायचं नाही. मी उठले, डबी उघडली आणि साहेबांच्या कपाळाला अंगठा टेकवला.

"घ्या साहेब. तोच रंग. देवाला लावते तोच."

त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःचं कपाळ बघितलं. मग दगड बघितला. मग परत कपाळ. आल्फोन्सच्या मिशा हलल्या, पण तो हसला असं मी म्हणणार नाही.

साहेबांचा चेहरा पडला. आणि पडलेला चेहरा कठोर व्हायला वेळ लागत नाही. घड्याळ बघितलं, दोन शब्द बोलले, आल्फोन्सला हात केला. बुजव.

मला वाटलं, संपलं. मीच संपवलं. सहाशे वर्षं जे कुणाच्या हातून बिघडलं नाही ते मी एका अंगठ्यानं बिघडवलं.

पण ज्ञानदा हललीच नाही तिथून. ती खड्ड्यात उतरली आणि दगडाला पाठ लावून उभी राहिली. आणि बोलायला लागली. असं बोलत होती, की राजनच्या घरी टॉवेलावरून बोलते ते काहीच नाही. तिनं आपली वही उघडली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली. पान उलटत होती आणि बोटानं दाखवत होती: चराचं हे टोक, ते टोक, मधला खोलगट, उतार, बांधाची माती. मी आकड्यांचं पान बघूनच ओळखलं, की मी काल जे पायांनी मोजलं ते हिनं यंत्रानं मोजून ठेवलंय. नंतर विचारलं तर म्हणाली, दोन वर्षांपासून वहीत होतं. दोन वर्षं. म्हणजे काल मी जे एवढ्या घाईनं सांगायला पळत आले, ते तिला माहीत होतं. फक्त बोलली नव्हती.

साहेब मधे काहीतरी म्हणाले आणि ओठ वाकडा करून हसले. मी ज्ञानदाकडं बघितलं. तिचे कान लाल झाले, या वेळी आनंदानं नव्हे, पण ती थांबली नाही. हात दगडावर ठेवून शेवटचं काहीतरी विचारलं, मग हा वळणावर उभा कुणी केला, हेच असणार, आणि प्रश्न विचारून गप्प उभी राहिली. हे गप्प वेगळं होतं. हे साहेबांना सोसेना.

ते खड्ड्याच्या काठाशी बसले. चराकडं बघितलं, साठलेल्या पाण्याकडं बघितलं. वही मागून घेतली. दोन पानं वाचली. मग पेनानं तिच्या परवानगीच्या कागदावर काहीतरी लिहून सही केली आणि एक बोट वर केलं. एक तास.

मग काय विचारता. पहार आली, दोऱ्या आल्या. आल्फोन्स यंत्रावरून उतरला. मला वाटलं मदतीला येतोय. तो चार पावलं पलीकडं गेला, आमच्याकडं पाठ केली आणि टोपी हातात धरून धुक्याकडं बघत उभा राहिला. साहेबांना ते दिसलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं, कपाळावर कुंकू तसंच.

दगड हलायला वीस मिनिटं लागली. ज्ञानदा आणि साहेब एका पहारीवर, मी दोरीवर. मला नको नको म्हणत होते, पण दोर मी सोडला नाही. चपक असा आवाज करून दगड बाजूला झाला. खाली पाणी. ज्ञानदानं ते स्पंजानं उचललं, थेंब थेंब.

मग ती पोटावर झोपली, हात आत घातला, बोटांनी चिखल बाजूला केला आणि म्हणाली, "आजी."

काळा कोळसा. चुलीतून आत्ता काढल्यासारखा. आणि भाजलेल्या मातीचे तुकडे. किती होते आणि कसे मांडले होते ते मी सांगणार नाही. आल्फोन्सनं पाठ फिरवली होती ती उगाच नाही.

साहेब चिखलात मांडी घालून बसले, चांगल्या पँटमध्ये. मग त्यांनी ज्ञानदाला विचारलं, म्हणजे खरंच विचारलं, काही सांगितलं नाही. कोळसा कसा उचलायचा, आधी काय मोजायचं, चित्र काढायचं का, हे सगळं ज्ञानदानं मला मागून सांगितलं. ती म्हणाली, चित्र काढेन, पण त्या सातांना विचारल्याशिवाय छापणार नाही. साहेबांना ते आवडलं नाही, भुवया वर गेल्या. ती म्हणाली, नाही. मला नाइन हा शब्द कळतो. साहेबांनी भुवया खाली आणल्या आणि फोन घेऊन उंचवट्यावर गेले. या वेळी लागला. सोमवारपर्यंत मुदत मिळाली.

कोळसा किती जुना ते कळायला दोन महिने लागतील. तो दीडशे वर्षांचा निघाला तर साहेब परत घड्याळ बघतील. सहाशेचा निघाला तर ते पुस्तकात जाईल. पण पाण्याच्या चराशेजारी कुणी दगडाखाली साक्षीदार पुरत नाही, एवढं साहेब जाताना स्वतःच्या तोंडानं म्हणून गेले. ज्ञानदानं मला त्याचं मराठी दोनदा करून सांगितलं. मीच सांगायला लावलं.

संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही दोघी फळ्यांवरून परत निघालो. धुकं उठलं होतं, बांध आता टोकापर्यंत दिसत होता. ज्ञानदा आधी हसत होती, मग रडत होती, मग परत हसत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "आजी, पुन्हा माझ्या खड्ड्यात काही लावलंस ना, तर तुला र्युसेल्सहाइमला परत पाठवेन. आणि तुझ्या चिमट्यानं माझा दंड काळानिळा झालाय."

मी काठी टेकून उभी राहिले. तिला माझ्याकडं तोंड करायला लावलं.

"ज्ञानदे," मी म्हणाले, "आज मी तुला गप्प बस म्हणाले आणि तू ऐकलं नाहीस. मी नांदायला आल्यापासून पंचावन्न वर्षांत माझं न ऐकून शहाणं ठरलेलं आमच्या घरातलं तू पहिलंच माणूस. राजनला हे सांगू नकोस. आणि सवय लावून घेऊ नकोस."